शिपायाची नोकरी

ऐतिहासिक कादंबरीचा नायक इतिहास घडवणाराच माणूस असावा, असं माझं पक्कं मत होतं. ‘स्वामी’त माधवराव, ‘छावा’त संभाजीराजे, ‘राऊ’त पहिले बाजीराव, ‘झुंज’मध्ये यशवंतराव होळकर. ज्याच्या एका होकार-नकारावर हजारो माणसांचं बरंवाईट ठरायचं, त्याच्या मनात शिरण्यासाठी कादंबरी लिहायची. बाकीचे हुजरे, चोपदार, पागेतले स्वार हे दरबार भरलेला दिसावा म्हणून. त्यांच्यात एखादा मनाने रचलेला शिपाई आणायचा, त्याला खऱ्या लढायांतून फिरवायचा आणि खऱ्या माणसांचे पराक्रम त्याच्या नावावर टाकायचे, हा मला इतिहासाशी केलेला दगाफटका वाटे. हे मत मी चर्चांत ठासून मांडलं आहे. ते आता माझं राहिलेलं नाही. का राहिलं नाही, आणि त्यातलं काय अजून शिल्लक आहे, ते सांगतो.

माझा राग विशेषकरून एका लेखकावर होता. बर्नार्ड कॉर्नवेल हे इंग्रज कादंबरीकार. त्यांचा मानसपुत्र रिचर्ड शार्प हा लंडनच्या उकिरड्यात वाढलेला, बाप कोण ते माहीत नसलेला, तुरुंग चुकवायला फौजेत शिरलेला साधा शिपाई. या शार्पची पहिली कादंबरी 1981 साली आली, ती स्पेनमधल्या 1809च्या तालाव्हेराच्या लढाईवर. तिथे तो आधीच लेफ्टनंट झालेला आहे. शिपायाचा अधिकारी कसा झाला? तर हिंदुस्थानात असताना त्याने आर्थर वेलस्लीचा, म्हणजे पुढच्या ड्यूक ऑफ वेलिंग्टनचा, जीव वाचवला होता म्हणून. पुढे अनेक पुस्तकं लिहून झाल्यावर कॉर्नवेल मागे वळले आणि 1997, 1998 आणि 1999 या तीन वर्षांत त्यांनी तीन कादंबऱ्यांतून शार्पची हिंदुस्थानातली नोकरी लिहून काढली. पहिलीत 1799चं श्रीरंगपट्टण, दुसरीत 1803च्या सप्टेंबरमधली असईची लढाई, तिसरीत त्याच वर्षीच्या डिसेंबरात पडलेला गाविलगड.

असई म्हणजे जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यातलं गाव. गाविलगड म्हणजे चिखलदऱ्याचा किल्ला. ज्या दोन ठिकाणी दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजांचा कणा मोडला, त्याच ठिकाणी हा नायक पराक्रम गाजवतो. आपल्या पराभवाच्या पायरीवर पाय ठेवून वर चढणारा नायक मी का वाचावा? मी पुस्तकं चाळली होती, पण ती खोडून काढण्यापुरती. त्यांच्यावर मी मारलेला शेरा होता, ‘कंपनी सरकारचा पोवाडा’.

हे मत हललं ते माझ्या मामांमुळे, आणि त्यांनी कॉर्नवेलचं नावही ऐकलेलं नव्हतं. मामा पायदळातून नायब सुभेदार म्हणून निवृत्त झाले. लहानपणी आम्ही भाचरं त्यांच्या भोवती बसून युद्धाच्या गोष्टी मागायचो आणि दर वेळी निराश होऊन उठायचो. ते सांगायचे ते वेगळंच. नायकाचा हवालदार व्हायला कुठली परीक्षा द्यावी लागते, सुट्टीचा अर्ज कोणाच्या टेबलावर अडकतो, डोंगरावरच्या ठाण्यावर डाळ का शिजत नाही, बूट भिजले तर काय करायचं. एकदा त्यांची बढती डावलून दुसऱ्याला दिली गेली होती. ती गोष्ट ते चाळीस वर्षांनीही त्याच तपशिलाने सांगत. मोठेपणी एकदा मी म्हणालो, “मामा, तुम्ही लढाईचं कधीच काही सांगत नाही.” ते म्हणाले, “अरे, लढाई चार दिवसांची. नोकरी चोवीस वर्षांची. तुला कशातलं ऐकायचंय?”

तेव्हा मी हसलो. पण पुढे असईवर काही लिहायचं म्हणून शार्पची दुसरी कादंबरी पुन्हा हातात घेतली, आणि या वेळी मामांचा प्रश्न डोक्यात होता. लढाईची पानं भराभर उलटून मी नोकरीची पानं वाचू लागलो. तिथे मला तो माणूस भेटला.

पहिल्या कादंबरीत शार्पला एका सार्जंटाच्या कपटामुळे दोन हजार फटक्यांची शिक्षा होते. दोनशेच्या आसपास फटके बसल्यावर ती थांबवतात, तीही दया म्हणून नव्हे. हेरगिरीसाठी त्याची गरज पडते म्हणून. त्याला लिहिता-वाचता येत नाही. टिपूच्या तळघरातल्या कोठडीत एक तरुण अधिकारी त्याला अक्षरं शिकवतो, आणि ती त्याला हवी असतात ती ज्ञानासाठी नव्हे, तर सार्जंट व्हायला कागदपत्रं वाचता यावी लागतात म्हणून. साध्या शिपायाचा पगार दिवसाला एक शिलिंग, आणि त्यातूनही खाण्यापिण्याचे, कपड्यांचे पैसे कापले जात. याच फौजेत अधिकाऱ्याचा हुद्दा विकत मिळे. पायदळातला सर्वांत खालचा अधिकारी, म्हणजे एन्साइन, व्हायला सरकारी भाव होता 400 पौंड. खुद्द आर्थर वेलस्लीने 1793मध्ये 33व्या पलटणीचं लेफ्टनंट कर्नलपद विकत घेतलं, तेही थोरल्या भावाने दिलेल्या पैशांतून. तोच थोरला भाऊ, रिचर्ड वेलस्ली, पुढे कलकत्त्याला गव्हर्नर जनरल झाला. म्हणजे असईच्या मैदानावर हुकूम सोडणारा सेनापती आणि त्याचा जीव वाचवणारा काल्पनिक सार्जंट यांच्यामध्ये पराक्रमाइतकंच पैशाचं अंतर होतं. वेलस्लीच्या चरित्रातही हा व्यवहार नोंदलेला असतो, पण एका ओळीत. तो अंगाला कसा झोंबतो, हे कळायला शिलिंगवाला माणूस मध्ये उभा करावा लागतो.

आणि बढती मिळाल्यावर काय? मला वाटलं होतं, आता नायक सुखी होणार. तिसऱ्या कादंबरीत एन्साइन झालेला शार्प 74व्या पलटणीत जातो आणि कुठलाच राहत नाही. अधिकारी त्याला आपल्यात घेत नाहीत, शिपाई त्याला आपला मानत नाहीत. बढती मिळवणं एक आणि ती पचवणं दुसरं. हे वाचताना मला शार्पपेक्षा मामाच जास्त दिसत होते. हवालदार असताना ज्यांच्या खांद्याला खांदा लावून जेवले, त्यांच्याशी नायब सुभेदार झाल्यावर कसं बोलावं हे त्यांना कळेना, असं ते सांगत.

माझा दुसरा आक्षेप होता पराक्रमांच्या चोरीचा. तो मी आजही सरसकट मागे घेत नाही. 4 मे 1799 रोजी श्रीरंगपट्टण पडलं, त्या धुमश्चक्रीत टिपूला नेमकं कोणी मारलं हे कधीच कळलं नाही. कॉर्नवेलने ती गोळी शार्पच्या बंदुकीतून सोडली. हे मला चालतं, कारण तिथे इतिहासानेच जागा रिकामी ठेवली आहे. पण 15 डिसेंबर 1803 रोजी गाविलगडाच्या आतल्या किल्ल्याची भिंत दरीच्या बाजूने चढून दरवाजा उघडला तो 94व्या पलटणीच्या कॅप्टन कॅम्पबेलच्या माणसांनी. तिथे जागा रिकामी नव्हती, तरी शार्पला घुसवलं. मग कॉर्नवेल काय करतात? पुस्तकाच्या शेवटी टिपण जोडतात आणि खरं कोणतं, रचलेलं कोणतं, कोणाचं श्रेय उचललं, ते सरळ लिहून टाकतात.

हे टिपण वाचून मी आपल्याकडच्या कपाटाकडे पाहिलं. आपण खरे पेशवे, खरे छत्रपती घेतो, आणि त्यांच्या शयनगृहातली बोलणी, मरतानाचे विचार, आईवरचा राग, पत्नीवरचं प्रेम हे सारं कादंबरीकार स्वतः रचतो. प्रस्तावनेत साधनग्रंथांचे आभार असतात, पण कुठलं वाक्य बखरीतलं आणि कुठलं लेखकाचं, हे सांगण्याचा रिवाज फारसा नाही. परिणाम असा की, माधवराव-रमाबाईंबद्दल आपल्याला जे ‘माहीत’ असतं, त्यातलं बरंचसं कादंबरीतलं असतं आणि ते आपण इतिहास म्हणून भांडतो. ‘स्वामी’वरचं माझं प्रेम यामुळे तसूभर कमी झालेलं नाही. पण खऱ्या माणसाला काल्पनिक मन देणं आणि काल्पनिक माणसाला खरी लढाई देणं, यांत जास्त मोठी मोकळीक कोणती, याचं माझं जुनं उत्तर आता टिकत नाही. शार्प खोटा आहे हे वाचकाला पहिल्या पानापासून ठाऊक असतं. त्याच्यापायी कोणी फसत नाही.

तिसरा आक्षेप निशाणाचा, आणि तो सर्वांत खोल होता. शार्प इंग्रजांच्या बाजूचा. आपल्या बाजूचं काय? यासाठी मी असईच्या लढाईत कोण कुठे उभं होतं ते नीट पाहायला बसलो, आणि माझी ‘आपली बाजू’ हातातून निसटू लागली.

23 सप्टेंबर 1803. केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात शिंदे-भोसल्यांची फौज. वाटाड्यांनी सांगितलं की जवळ उतार नाही. वेलस्लीला मात्र नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली. दोन गावांमध्ये येजा असणारच, म्हणजे उतारही असणार, असा अंदाज बांधून त्याने फौज पाण्यात घातली. नदी ओलांडतानाच तोफेच्या गोळ्याने त्याच्याजवळच्या स्वाराचं डोकं उडालं. समोर शिंद्यांच्या कवायती पलटणी उभ्या होत्या. या पलटणी आधीच्या पिढीत महादजी शिंद्यांसाठी बेन्वा द बॉयन या सॅव्हॉयच्या माणसाने घडवलेल्या. त्यांचा पगार वेळेवर निघावा म्हणून महादजींनी त्याला दुआबात अलीगडच्या आसपासचा मुलूख लावून दिला होता. असईला त्यांच्यावर हुकूम होता हॅनोव्हरच्या अँथनी पोलमनचा. त्याच्या हाताखाली बेगम समरूच्याही पलटणी होत्या. आणि रांगेत उभा असलेला शिपाई? बहुतांशी पुरबिया, म्हणजे अवध आणि बिहारकडचा शेतकऱ्याचा मुलगा.

पलीकडे इंग्रजांच्या रांगेत 74वी आणि 78वी या दोन गोऱ्या पलटणी आणि 19वे ड्रॅगून सोडले, तर उरलेली फौज मद्रासी शिपायांची आणि स्वारांची. बरोबर म्हैसूरचे स्वार. आणि वसईच्या तहानंतर दुसरे बाजीराव पेशवे इंग्रजांकडे गेलेले असल्याने पेशव्यांच्या बाजूचे मराठी घोडदळही वेलस्लीच्याच छावणीत. त्या मोहिमेत वेलस्लीबरोबर बापू गोखले होते. तेच बापू गोखले 1818च्या फेब्रुवारीत आष्टीला इंग्रजांशी लढताना पडले आणि आपल्या मनात कायमचे आपले झाले.

तर मी कोणाच्या बाजूने होतो? तमिळ-तेलुगू शिपायांशी लढणाऱ्या अवधी शिपायांच्या, ज्यांचा सेनापती जर्मन होता. माझ्या मनातला अभिमान खरा होता आणि आहे. निशाण शिंद्यांचं होतं, मुलूख आपला होता, पराभवाची किंमत आपण पुढे भरली. पण त्या मैदानावरच्या माणसाला लढायला उभं करणारी गोष्ट माझ्या अभिमानात सापडत नव्हती. ती पगारात, पलटणीच्या अब्रूत, शेजारच्या सोबत्यात आणि ज्याचं अन्न खाल्लं त्या धन्यात होती. आणि ती कमजोर होती असं मुळीच नाही. इंग्रजांची फळी तोफांवरून पुढे निघून गेल्यावर, मेल्याचं सोंग घेऊन तोफांखाली पडलेले गोलंदाज उठले आणि त्यांनी त्याच तोफा वळवून पाठमोऱ्या फळीवर डागल्या. अनेक जण तोफ न सोडता जागेवर कापले गेले. 74वी पलटण असई गावाच्या फार जवळ गेली आणि तिचे जवळजवळ सगळे अधिकारी मेले किंवा जखमी झाले. वेलस्लीची दीड हजारांवर माणसं मेली-जखमी झाली, म्हणजे प्रत्यक्ष लढलेल्यांतला सुमारे तिसरा माणूस. पुढे वॉटर्लू जिंकलेल्या या सेनापतीने आयुष्यातली सर्वांत चांगली लढाई म्हणून असईचं नाव घेतलं, ते माझ्या मते त्या गोलंदाजांमुळेच.

आता माझी खरी तक्रार कॉर्नवेलकडे इथून सुरू होते. त्यांनी शिंद्यांच्या गोलंदाजाला शूर दाखवलं आहे, पण त्याला नोकरी दिलेली नाही. तो कुठून आला, त्याचा किती महिन्यांचा पगार तुंबला आहे, त्याला कोणी डावललं, यातलं काही नाही. पोलमनला चेहरा आहे, कंपनीतून पळून आलेल्या गोऱ्या अधिकाऱ्याला चेहरा आहे. हिंदी शिपायाला फक्त गणवेश. मद्रासी शिपायाची तर आणखी गंमत. त्याच रांगेत, तेवढ्याच शौर्याने लढून तो जास्तीत जास्त सुभेदार होऊ शकत होता, आणि कालच बोटीतून उतरलेला मिसरूड न फुटलेला गोरा एन्साइनही त्याच्या वरचा. शार्पची कथा असईला घडू शकते, कारण शार्प गोरा आहे. ही अट कादंबरी जोरात बोलत नाही.

पण ही तक्रार माझ्या जुन्या तक्रारीपेक्षा वेगळी आहे. पूर्वी मी म्हणत होतो, शिपायाची कादंबरी नको. आता म्हणतो, ती अर्धीच का लिहिली? आणि हा प्रश्न त्या इंग्रज लेखकाला विचारण्याआधी आपल्यालाच विचारायला हवा.

सामान आपल्याकडे रग्गड आहे. मराठी फौजेत बारगीर सरकारी घोड्यावर बसे आणि शिलेदार स्वतःच्या. शिलेदाराचा घोडा हेच त्याचं भांडवल. तो मेला की मानही गेला, मिळकतही गेली. म्हणून ऐन चढाईत त्याचा हात लगामावर थोडा आखडला, तर त्याला भित्रा म्हणण्याआधी हिशेब मांडावा लागतो. मोहिमेला निघताना नालबंदीची उचल, मग थकलेला पगार, मग सावकार, मग सरदाराच्या दारात शिपायांनी धरलेलं धरणं. आपल्या दफ्तरांत हे सारं हजेरीच्या आणि हिशेबाच्या कागदांवर पडून आहे. यातला एकेक कागद प्रकरणभर पुरेल.

खरी चरित्रंही आहेत. जेम्स स्किनर घ्या. बाप स्कॉटिश अधिकारी, आई रजपूत. आई हिंदी असल्याने कंपनीच्या फौजेत अधिकारी होण्याचा रस्ता बंद, म्हणून शिंद्यांच्या कवायती फौजेत नोकरी. 1800 साली राजपुतान्यात उनियाराच्या लढाईत तो जखमी होऊन रणावर पडला. शेजारी पाय तुटलेला एक रजपूत सुभेदार. तहानेने दोघे तळमळत असताना अस्पृश्य मानलेल्या जातीची एक म्हातारी भाकरी आणि पाणी घेऊन आली. स्किनर प्याला. सुभेदाराने नाकारलं. आता थोडा वेळच उरलाय, तेवढ्यासाठी धर्म कशाला सोडू, असा त्याचा हिशेब. स्किनरच्या आठवणींत हा प्रसंग आहे. शौर्य, जात, तहान आणि माणुसकी यांचा असा पेच एकाही दरबारी मसलतीत सापडणार नाही. तो पायदळातच सापडतो. 1803मध्ये युद्ध तोंडावर आल्यावर शिंद्यांच्या फ्रेंच सरसेनापतीने, पेरोंने, स्किनरला नोकरीवरून काढलं. मग तो इंग्रजांकडे गेला, आणि पेरोंचेच जुने स्वार त्याच्या हाताखाली कंपनीचा रिसाला झाले. त्यांना फितूर म्हणायचं की बेकार झालेले नोकरदार? माझं जुनं मत क्षणात उत्तर देत असे. आजचं मत थांबून विचारतं, पगार कोणी थकवला होता?

म्हणजे मी राजांच्या कादंबऱ्या वाचणं सोडलं का? नाही. सिंहासनावर बसलेल्याचं एकटेपण हाही माणसाचाच अनुभव आहे, आणि रणजित देसाई किंवा ना. सं. इनामदार तो ज्या ताकदीने लिहितात त्यापुढे मी आजही नमतो. बदल एवढाच की, मोठ्या माणसाच्या मनाची कादंबरी हीच ऐतिहासिक कादंबरी, असं आता मी म्हणत नाही. राज्याचा निर्णय का झाला हे ती सांगते. तो निर्णय ज्याच्या पाठीवर लादला गेला त्याने तो का वाहून नेला, हे तिला सांगता येत नाही. त्यासाठी हुद्द्याहुद्द्याने वर चढणारा, मध्येच अडकणारा, थकलेला पगार मोजणारा माणूस लागतो. तो दफ्तरात नावाने सापडला नाही तर रचावा, आणि शेवटी रचला म्हणून प्रामाणिकपणे लिहावं.

मला हवी असलेली कादंबरी शिंद्यांच्या तोफखान्यातल्या अशा एखाद्या गोलंदाजाची आहे. अवधमधून आलेला, दुआबात कवायत शिकलेला, असईला तोफेखाली पडून राहिलेला, वाचलेला. 30 डिसेंबर 1803ला सुर्जी-अंजनगावचा तह झाला आणि दौलतरावांचं युद्ध संपलं. त्याची नोकरी मात्र संपायला अजून बरीच वर्षं असतील. कदाचित तो होळकरांकडे जाईल, कदाचित कंपनीकडे. लेखक प्रामाणिक असेल, तर त्याचा नायक कादंबरीच्या मध्यावर निशाण बदलेल, आणि माझ्यासारख्या जुन्या वाचकांची डोकी फिरतील. सभांतून आरडाओरडा होईल, संपादकांना पत्रं जातील. त्या भांडणात या वेळी मी लेखकाच्या बाजूला बसेन.